जितकी नावं, तितकी प्रश्नचिन्हं

वाचनालयाची खोली जाणार, हे मला पहिल्यांदा कळलं ते एका मोजपट्टीवरून. ऑफिसातून घरी येताना पाहिलं, तर आमच्या सोसायटीचे सचिव तळमजल्यावरच्या वाचनालयात गुडघे टेकून फरशी मोजत होते. मला बघताच त्यांनी मोजपट्टीचं टोक सोडलं आणि ती सर्रकन आपल्या डबीत जाऊन बसली. "काही नाही, सहज," ते म्हणाले. आता माणूस सहज फिरायला जातो, सहज चहा पितो. गुडघे टेकून सहज फरशी मोजणारा माणूस मी पंचावन्न वर्षांत पाहिलेला नाही. घरी येऊन बूट काढायच्या आत मी वहीत नोंद केली : सचिव, मोजपट्टी, सहा वाजून दहा मिनिटं.

ही वही कसली, ते सांगायला हवं. मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, तारीख घालायची, सोबत जोडपत्रं किती ते मोजायचं, आणि नंतर तो कागद कुठे गेला याचा माग ठेवायचा. सत्तावीस वर्षं हे केल्यावर समोर माणूस आला तरी हा कुठून आला, कशासाठी आला आणि याच्यासोबत जोडपत्रं किती, हेच प्रश्न पडतात. बायको याला संशयी स्वभाव म्हणते. मी चौकसपणा म्हणतो. वहीच्या मुखपृष्ठावर मी 'किरकोळ' असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे कोणाला संशय यायला नको.

दोनच दिवसांत फळ्यावर नोटीस लागली. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी दहा वाजता सर्वसाधारण सभा. विषय क्रमांक चार : वाचनालयाची खोली व्यायामशाळेसाठी घेणे. खाली कारण दिलं होतं, 'वाचनालयाच्या रजिस्टरमधील सर्व नोंदी एकाच हस्ताक्षरात असल्याने वाचक प्रत्यक्षात आहेत किंवा कसे, याबद्दल समितीस शंका आहे.'

ते एकच हस्ताक्षर माझ्या बायकोचं. अकरा वर्षं ती रोज संध्याकाळी पाच ते सात त्या खोलीत बसते. पुस्तकं देते, घेते, फाटली तर चिकटवते, त्यांना खाकी कव्हरं घालते. नोटीस वाचून ती नुसती एका पुस्तकाला कव्हर घालत बसली, आणि घालून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आत आधीचं कव्हर तसंच आहे. मला फार वाईट वाटलं. शिवाय रागही आला. शंका घेणं हे आमच्या घरात माझं खातं आहे, आणि अकरा वर्षांत मी त्या रजिस्टरवर एकदाही घेतलेली नाही.

"मी वेबसाइट करतो," मी जाहीर केलं. "सगळे वाचक, सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर. सभेत मोठ्या पडद्यावर दाखवू. कोणाकडे किती दिवस पुस्तक आहे ते दिसेल. उशीर झालाय त्यांच्या नावांवर खूण करायची, बटण दाबायचं, की त्यांच्या फोनवर मेसेज. मग म्हणावं, आहेत की नाहीत वाचक."

"तुम्ही करणार?" बायको म्हणाली.

यातला 'तुम्ही' तिने जरा लांबवला. माझ्याकडे वेब स्क्रिप्टच्या, म्हणजे वेबसाइटने काय करायचं ते तिला लिहून देण्याच्या, दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. ऑफिसातून कोणीतरी जायला हवं होतं, बाकीच्यांनी आजारपणं काढली आणि मी तेवढा निरोगी निघालो. ते प्रमाणपत्र मी फ्रेम करून लावलं आहे. त्यावर धूळ बसली आहे हे खरं, पण धूळ कशावरही बसते.

पहिला धक्का दुसऱ्याच दिवशी बसला. वेब स्क्रिप्टवरचं एक चांगलं जाडजूड पुस्तक आमच्याच वाचनालयात होतं. मी ते पूर्वी वाचलंही होतं. आता उजळणीसाठी शोधायला गेलो तर कपाटात त्याची जागा रिकामी. "रजिस्टर बघते, कोणाकडे आहे ते," बायको म्हणाली. मी म्हटलं, काही गरज नाही, मला माहीत आहे. मागच्याच महिन्यात त्या कपाटापाशी प्रूफकाका बराच वेळ रेंगाळताना मी स्वतः पाहिले होते. प्रूफकाका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. एका छापखान्यात त्यांनी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. अजूनही खिशाला लाल पेन लावून फिरतात आणि फळ्यावरच्या नोटिशीतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात. त्यांना स्क्रिप्टच्या पुस्तकाचं काय काम, हा प्रश्न मलाही पडला. पण काम नसताना नेलं, म्हणूनच तर संशय. नोंद केली.

पहिला आठवडा टायपिंगमध्ये गेला. कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून मी त्याखाली जाड पुस्तकांची उतरंड केली होती, त्यामुळे मान ताठ ठेवून काम करता येत होतं. बायको रजिस्टरमधून वाचायची आणि मी टाइप करायचो. दोनशे बारा वाचक निघाले. तिला प्रत्येकाची माहिती. "हे आधी शेवटचं पान वाचतात. या बाई दोनच दिवसांत परत देतात, पण कोपरे मुडपतात. यांच्याकडून येणाऱ्या पुस्तकाला बामाचा वास येतो." मी म्हटलं, हे कुठल्या रकान्यात घालू. ती म्हणाली, हे घालायचं नसतं, हे लक्षात ठेवायचं असतं. मेसेजचा मजकूरही तिनेच लिहिला : 'आपल्याकडे वाचनालयाचे पुस्तक बरेच दिवस आहे. आपण ते जाणूनबुजून ठेवले नसणार. कृपया कपाटात, उशाखाली व पाहुण्यांच्या खोलीत पाहावे.'

आता जरा कामाचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. पानावर ज्या ज्या नावांपुढे खूण कराल ती सगळी नावं स्क्रिप्टकडे एका यादीत येतात. शिकलेले लोक त्या यादीला ॲरे म्हणतात. मग स्क्रिप्टने डेटाबेसला, म्हणजे जिथे सगळी माहिती ठेवलेली असते त्याला, वाक्य लिहून विचारायचं की या लोकांचे फोन नंबर दे. हे वाक्य म्हणजे क्वेरी. डेटाबेस हा आमच्या मोठ्या साहेबांसारखा आहे. वाक्य जसं लिहाल तसंच तो वाचतो, तुमच्या मनात काय होतं ते बघत नाही.

मी सरळमार्गी माणूस. यादीतलं पहिलं नाव घेतलं, डेटाबेसला विचारलं, नंबर आणला. मग दुसरं नाव, पुन्हा विचारलं. सगळ्या नावांवर खुणा करून बटण दाबलं तेव्हा पान चार मिनिटं गोलगोल फिरत बसलं. चार मिनिटं म्हणजे सभेत चारशे शेरे. माझा संशय थेट सचिवांवर गेला. इंटरनेटची डबी जिन्यात त्यांच्याच दारावर लावलेली आहे, आणि त्यांच्या घरून त्या वेळी काहीतरी घरघरल्याचा आवाज येत होता. मी जिन्यात जाऊन दाराला कान लावला. दार उघडलं ते त्यांच्या मिसेसनी. हातात मिक्सरचं भांडं. "काही हवं होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, सहज."

घरी आलो तर बायको पानाकडे बघत उभी होती. "हे एकेकाला वेगळं विचारतंय का?" तिने विचारलं.

"हो. शिस्तीत."

"मग वेळ लागणारच. तुम्ही दुकानात साबण आणायला गेलात, परत आलात, मग सुतळी आणायला गेलात, परत आलात, असं दोनशे बारा वेळा केलंत तर रात्र होईल. म्हणून मी चिठ्ठी देते ना, सगळं एकदम लिहून?" मग ती जराशी हसली. "अर्थात चिठ्ठी कोरी असली की तुमचं काय होतं, तेही मला माहीत आहे."

हा विषय आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी निघतो, म्हणून एकदाच सांगून टाकतो. मागे एकदा तिने घाईत माझ्या हातात चुकून दुसराच, कोरा कागद घडी करून दिला. दुकानात जाऊन उघडतो तर आत काहीच नाही. मी विचार केला, ज्या अर्थी काही अमुकच असं लिहिलेलं नाही, त्या अर्थी सगळंच हवं असणार. मी दोन झाडू, फिनेल, मेणबत्त्या, खिळे, उंदराचा पिंजरा असं बरंच काही घेऊन रिक्षाने घरी आलो. तो पिंजरा अजून माळ्यावर आहे. त्यात उंदीर नाही, पण माझी अब्रू मात्र अडकून पडली आहे.

चिठ्ठीची गोष्ट मात्र मला पटली. मी सगळी नावं एकाच वाक्यात घालायचं ठरवलं : ज्यांचं नाव अमुक, तमुक, ढमुक यांपैकी आहे त्यांचे नंबर दे. यादीतलं एकेक नाव घ्यायचं, वाक्याला जोडायचं, पुढे स्वल्पविराम द्यायचा. जोडलं. बटण दाबलं. डेटाबेसने वाक्यच नाकारलं. पाच वेळा दाबलं, पाच वेळा नाकारलं. आदल्या दिवशीपर्यंत चालणारा डेटाबेस अचानक रुसतो, याचा अर्थ कोणीतरी आत हात घातला आहे. मी सगळी स्क्रिप्ट कागदावर छापून घेतली आणि परक्या हस्तक्षेपाच्या खुणा शोधत बसलो.

त्या संध्याकाळी प्रूफकाका बायकोला पुस्तक परत द्यायला वर आले. मी कागद झाकायच्या आत त्यांचं लक्ष गेलं. "मुद्रित आहे का?" म्हणाले आणि खुर्ची ओढून बसलेच. लाल पेन आपोआप बाहेर आलं. मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून होतो. दोन मिनिटांत त्यांनी एका ओळीवर पेन टेकवलं.

"हा शेवटच्या नावानंतर स्वल्पविराम आहे."

"हो, प्रत्येक नावानंतर आहे."

"मग यापुढे कोण येणार आहे?"

"कोणी नाही. हे शेवटचं."

"मग वाट कोणाची बघताय?" त्यांनी त्या स्वल्पविरामावर लाल काट मारली. "स्वल्पविराम दोन नावांच्या मध्ये असतो. नावाच्या मागे लागलेला नसतो. आमच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांची ही नेहमीची खोड."

मी बदल केला. स्वल्पविराम नावामागे न लावता दोन नावांच्या मध्ये घातला. वाक्य मुकाट्याने चाललं. मी काकांचे आभार मानले, पण वहीतली त्यांची नोंद खोडली नाही. स्क्रिप्टमधली चूक इतक्या झटकन सापडणाऱ्या माणसाने ते पुस्तक नक्की वाचलेलं असणार.

दुसऱ्या आठवड्यात पान सगळ्यांसाठी चालायचं, पण शेवटच्या इमारतीतल्या कवींच्या नावावर खूण केली की कोसळायचं. कवींवर माझा आधीपासून संशय होताच. माणूस स्वतःला 'मौनी' म्हणवतो आणि लिफ्टमध्ये चार मजले बोलतो, तेव्हा काहीतरी गडबड असतेच. मी शेवटी मेहुण्याला फोन केला. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला विचारणं म्हणजे सासरी कमीपणा घेणं, म्हणून मी 'एका मित्राची अडचण आहे' असं म्हणून विचारलं.

"भावजी, त्या मित्राच्या यादीत कोणाच्या नावात अवतरणचिन्ह आहे का?" तो म्हणाला.

होतं. कवींनी आपलं टोपणनाव अवतरणात घालूनच रजिस्टरला लिहायला लावलं होतं. माझ्या वाक्यात प्रत्येक नाव अवतरणचिन्हात जायचं. कवींचं स्वतःचं अवतरण तिथे आलं की डेटाबेसला वाटायचं नाव संपलं, आणि उरलेला कवी वाक्यात मोकळा सुटायचा.

"मित्राला सांगा, नावं वाक्यात लिहायचीच नाहीत," मेहुणा म्हणाला. "कोण काय लिहून ठेवेल भरवसा नाही. मुद्दाम वाकडं लिहून आख्खी माहिती पळवणारे लोक असतात. नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं. यादीत जितकी नावं, तितकी प्रश्नचिन्हं. आणि नावं मागाहून वेगळी पाठवायची."

आयुष्यात इतका मनाजोगता सल्ला मला कोणी दिला नव्हता. कोणाचा भरवसा धरायचा नाही आणि प्रत्येक माणसाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवायचं, हे मी सत्तावीस वर्षं करतोच आहे. फक्त त्याला तंत्र म्हणतात हे माहीत नव्हतं. मी बायकोला बोलावून पडद्यावरची प्रश्नचिन्हांची रांग दाखवली. ती म्हणाली, "तुमच्या वहीसारखंच दिसतंय."

फोन ठेवता ठेवता मेहुण्याने आणखी एक विचारलं. "आणि भावजी, यादी रिकामी असली तर तुमच्या मित्राचं काय होतं?"

हा प्रश्न मला खटकला. यात टोमणा आहे हे मी ओळखलं. 'बघतो' म्हणून फोन ठेवला आणि पाहिलं. कोणावरच खूण न करता बटण दाबलं तर शून्य नावं, म्हणून शून्य प्रश्नचिन्हं, म्हणून वाक्यात ती ज्या कंसात बसायची तो कंस रिकामा. आणि रिकामा कंस दिसला की डेटाबेस भर पानावर लाल अक्षरात बोंब मारतो. सभेत असं दिसणं बरं नव्हे. मी स्वतःच्या डोक्याने, कोणालाही न विचारता, उपाय काढला. यादी रिकामी असेल तर नावांची ती अटच वाक्यातून गाळून टाकायची. कंसच नाही, तर बोंब कुठून? मेसेजचा भाग तात्पुरता बंद ठेवून मी बटण दाबून पाहिलं. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं : काम झालं. कोणतं काम झालं, हे मी विचारलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणारा मी, त्या दिवशी स्वतःच्या कामाची चौकशी न करता चहा प्यायला गेलो.

सभेच्या सकाळी खाली हॉलमध्ये दीडएकशे लोक जमले. एवढे लोक एरवी पाणी बंद झाल्याशिवाय एकत्र येत नाहीत. बायको पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर जुनं रजिस्टर. मी तिला म्हटलं होतं, आता ते कशाला. ती म्हणाली, असू दे. तिचे हात रजिस्टरच्या कडेवरून सारखे फिरत होते, आणि मला जाणवलं की ही खोली गेली तर संध्याकाळी पाच वाजता ही बाई काय करेल, हे मला माहीत नाही.

मी पान दाखवलं. नावं, पुस्तकं, तारखा. कुजबुज चांगली होती. मग सचिव उठले आणि मोजपट्टी खिशात चाचपत माझ्या टेबलापाशी आले.

"ही नावं तुम्हीच टाइप केलीत ना?" ते म्हणाले. "म्हणजे आधी एकाच हस्ताक्षरात होती, आता एकाच बोटाने आहेत. फरक काय पडला? हे बटण खरंच चालतं कशावरून?"

"दाबून बघा."

"मीच दाबणार. तुम्ही हात लावू नका. खूण केलेल्यांनाच मेसेज जातो म्हणता. मग कोणालाच खूण केली नाही तर?"

"तर कोणालाच जात नाही," मी ठामपणे म्हणालो.

माणूस संशयी. मला ओळखीचा संशय. त्यांनी एकाही नावाला खूण केली नाही आणि बटण दाबलं.

पहिला फोन वाजला तो त्यांच्याच खिशात. मग पुढच्या रांगेत दोन, मागे पाच, मग दारापाशी, खिडकीपाशी, सगळा हॉल टुणटुण करायला लागला. वर घरात राहिलेल्यांचेही फोन वाजल्याचं जिन्यातून ऐकू आलं. लोक वाचत होते. 'आपल्याकडे वाचनालयाचे पुस्तक बरेच दिवस आहे.' कोणी आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. माझ्या घरासमोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या, "म्हणजे मी पुस्तक चोरलं, असं तुमचं म्हणणं आहे." कवी म्हणाले की ते या विषयावर मौन पाळणार आहेत, आणि दहा मिनिटं ते का पाळणार आहेत ते सांगत राहिले.

मी उठून सांगायला लागलो की यात बाहेरचा हात आहे, इंटरनेटची डबी कोणाच्या दारावर आहे ते सर्वांना ठाऊक आहे. बायकोने माझा शर्ट मागून ओढला.

"किती जणांवर खूण होती?" तिने हळूच विचारलं.

"एकावरही नाही."

"म्हणजे कोरी चिठ्ठी," ती म्हणाली. "आणि तुमच्या त्या स्क्रिप्टने सगळं दुकान उचलून आणलं."

एका क्षणात मला सगळं दिसलं. 'या नावांच्या वाचकांचे नंबर दे' या वाक्यातून नावांची अट गाळली, की उरतं 'वाचकांचे नंबर दे'. सगळ्यांचे. डेटाबेसची काही चूक नव्हती, सचिवांचीही नव्हती. ते वाक्य मी लिहिलं होतं, आणि ते अगदी माझ्याच स्वभावाचं होतं. कोणावर अमुक संशय नसेल तर सगळ्यांवर घ्यायचा.

"चूक माझी आहे," मी सभेला सांगितलं. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी आवकमध्येही घेतलं नव्हतं आणि जावकमध्येही दिलं नव्हतं.

"मग विषय क्रमांक चार मंजूर करायला हरकत नसावी," सचिव म्हणाले. "असली व्यवस्था असेल, तर—"

पण लोक उठायला लागले होते. डॉक्टरीणबाई गेल्या. बामवाले आजोबा गेले. मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. अपमान झाल्यावर माणूस उठून जातो हे मी समजू शकतो. बायकोने रजिस्टर मिटलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

पंधरा मिनिटांनी डॉक्टरीणबाई परत आल्या. हातात दोन पुस्तकं. "पाहुण्यांच्या खोलीत होती," त्या इतकंच म्हणाल्या आणि टेबलावर ठेवून आपल्या खुर्चीत बसल्या. मागोमाग आजोबा आले, तीन पुस्तकांचा वास घेऊन. मग एक बाई आल्या, माहेरी फोन करून विचारलं तर तिथे एक निघालं म्हणाल्या. मग जिन्यात रांगच लागली. त्या मेसेजने प्रत्येकाला आपापल्या घराचा संशय आला होता. उशाखालून, माळ्यावरून, शिवणाच्या मशीनखालून पुस्तकं निघत होती. बायकोने रजिस्टर पुन्हा उघडलं. नाव न विचारता ती पान काढायची, तारीख घालायची आणि म्हणायची, "सही करा इथे." रजिस्टरमध्ये अकरा वर्षांत पहिल्यांदा शंभर हस्ताक्षरं उमटत होती. लाल पेन लावून प्रूफकाका तिच्या शेजारी बसले आणि चुकीच्या सह्या दुरुस्त करून घ्यायला लागले.

सर्वांत शेवटी सचिवांच्या मिसेस आल्या. त्यांच्या हातात एकच पुस्तक होतं, पातळ, खाकी कव्हराचं. त्यांनी ते नवऱ्यासमोरच बायकोकडे दिलं. बायकोने नाव वाचलं, 'घरच्या घरी व्यायाम, साधनांशिवाय', आणि रजिस्टरमधली तारीख बघून म्हणाली, "सात वर्षं." आत चौथ्या पानावर खूण म्हणून कागदाची पट्टी होती. मी इतका वेळ खाली घातलेली मान वर केली आणि सचिवांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

एकशे अडतीस पुस्तकं परत आली. ती सगळी वाचनालयात नेऊन ठेवली तेव्हा सचिवांनी मोजलेल्या फरशीवर छातीइतके ढीग झाले. सचिवांनी दारातून आत पाहिलं, सवयीने मोजपट्टी थोडी बाहेर काढली आणि परत सोडून दिली.

"इथे आता यंत्रं मावायची नाहीत," ते म्हणाले. "विषय रद्द."

दुपारी घरी येऊन मी आधी स्क्रिप्ट दुरुस्त केली. दोन ओळींचं काम होतं : यादी रिकामी असेल, तर डेटाबेसकडे जायचंच नाही, काही विचारायचं नाही, गप्प परत यायचं. मग मी वही काढून प्रूफकाकांपुढे आणखी एक ओळ लिहायला घेतली, कारण एवढी पुस्तकं आली, पण ते वेब स्क्रिप्टचं पुस्तक काही आलं नव्हतं. फोन बाजूला होता. त्यावर सकाळचा मेसेज अजून तसाच होता. मी म्हणालो, "मला कशाला आला हा? माझ्याकडे काही नाही."

बायकोने रजिस्टर माझ्यासमोर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. पुस्तकाचं नाव, माझं नाव, दोन वर्षांपूर्वीची तारीख. ही ओळ पहिल्या आठवड्यात मीच टाइप केली होती, लक्ष न देता. मग ती कॉम्प्युटरपाशी गेली, एका हाताने पडदा उचलला आणि दुसऱ्या हाताने त्याखालच्या उतरंडीतलं सर्वांत खालचं जाड पुस्तक ओढून काढलं. पडदा चार बोटं खाली आला. खाकी कव्हर तिनेच घातलेलं होतं.

मी वहीतल्या प्रूफकाकांच्या नोंदीवर काट मारली, त्यांच्यासारखीच, लाल पेन नव्हतं म्हणून निळ्याने. बायको तोवर खुर्चीत बसली होती. तिने वाचकांचं पान उघडलं, दोनशे बारा नावांतून माझं शोधलं, तेवढ्या एकावरच खूण केली आणि बटण दाबलं. एक नाव, एक प्रश्नचिन्ह. माझा फोन वाजला. ती मान वळवून ऐकत राहिली. समोर डॉक्टरीणबाईंकडे शांतता होती, जिन्यात शांतता होती, वर खाली कुठेही दुसरा फोन वाजला नाही.

"चालतंय की," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "आता उद्या पाच वाजता खाली या, आणि रीतसर परत करा. सही लागेल."